मुलाच्या हातात मायक्रोमीटर द्या, दादा

मा. चंद्रकांतदादा पाटील,
उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. मोठ्या वाहन कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्यांना आम्ही पार्ट पुरवतो. दरवर्षी निकाल लागले की डिप्लोमा झालेली मुलं फाईल घेऊन दारात येतात. हे पत्र त्या मुलांबद्दल आहे, आणि त्यांच्या कॉलेजांना उत्तम ठरवणाऱ्या सरकारी तपासण्यांबद्दलही.

इंटरव्ह्यूत मी फारसं विचारत नाही. नुकताच लेथवर टर्न केलेला, म्हणजे कातलेला, एक शाफ्ट (गोल दांडा), त्याचं ड्रॉइंग आणि बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर समोर ठेवतो. व्यास सांग, आणि जॉब पास की रिजेक्ट तेही सांग. ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं २५ एमएम, अधिक-उणे ०.०२. डिस्टिंक्शनची मुलंसुद्धा थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरती नळी, धरून कचकचून आवळतात. आवळणं ठरावीक दाबावर थांबावं म्हणून टोकाला रॅचेट असतो, ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आधी झिरो एरर, म्हणजे बंद मायक्रोमीटर शून्य दाखवतो का ते, बघणारा एखादाच निघतो. रीडिंग चुकतं ते बरोबर अर्ध्या मिलिमीटरने, कारण स्लीव्हवरची, म्हणजे स्थिर नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची मधली रेघ मोजायची राहून जाते. एकाला विचारलं, ‘अरे, कॉलेजात मायक्रोमीटर नव्हता का?’ म्हणाला, ‘होता ना सर. कपाटात.’

पोरगं हुशार होतं. तीन महिन्यांत आमच्या सुपरवायझरने त्याला तयार केलं. पण मग त्याच्या बापाने तीन वर्षं फी कशाची भरली?

एका कॉलेजने मला उद्योग प्रतिनिधी म्हणून त्यांच्या समितीवर घेतलं होतं, म्हणून दुसरी बाजूही जवळून बघितली. तपासणी पथक येणार म्हटल्यावर पंधरा दिवस शिकवणं जवळजवळ बंद. भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या, शिक्षक मंडळी रात्री उशिरापर्यंत फाईली लावत बसली. मागच्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं एकदम माझ्यापुढे सहीसाठी ठेवली. त्यातल्या बहुतेक बैठका झाल्याच नव्हत्या. मी सह्या केल्या नाहीत. चहा मात्र उत्तम होता. वर्कशॉपमध्ये बंद पडलेल्या लेथला तेल लावून, नंबर रंगवून तिला ओळीत उभं केलं होतं. पथकाने लेथ मोजल्या आणि ते पुढे गेलं. त्यांच्या तक्त्यात मशिन किती ते विचारलं होतं, चालतं का ते विचारलं नव्हतं. जेवण कसं झालं ते न विचारता पंगतीत पाट किती मांडले ते मोजून जावं, तसा हा प्रकार.

आणि हे मोजणारे तरी किती! मान्यता एआयसीटीईची (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद), मूल्यांकन एनबीएचं (राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ), परीक्षा एमएसबीटीईची (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ), प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाचे, फी ठरवणार शुल्क नियामक प्राधिकरण. आयटीआय तर तुमच्या खात्यात येतच नाही. ते कौशल्य विभागाकडे, आणि त्यावर दिल्लीत व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, एनसीव्हीईटी. माझ्याकडे आयटीआयचा टर्नर आणि डिप्लोमावाला एकाच लेथवर उभे राहतात, पण त्यांच्या शिक्षणाचा दर्जा बघणारी दारं वेगळी, आणि एका दारात दुसऱ्याची चौकशी करायची सोय नाही.

या दारांची आपल्याकडे वाट कशी चुकवतात तेही तुम्हाला ठाऊक आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आले. राज्यातल्या काही कॉलेजांनी काय केलं? अभ्यासक्रमाचं नाव बदललं. वर्ग तोच, मास्तर तेच, पाटी नवी. पारंपरिक महाविद्यालयांना ग्रेड देणाऱ्या नॅकचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका संस्थेच्या प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीच्या लोकांना लाचखोरीच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली. जूनमध्ये कर्वे रस्त्याने जाताना फ्लेक्स बघा, प्रत्येकावर ग्रेड फोटोपेक्षा मोठी छापलेली असते. एका अक्षरावर एवढे प्रवेश अवलंबून असतील तर त्या अक्षराचा भाव निघणारच.

माझं गाऱ्हाणं मात्र भ्रष्टाचाराचं नाही. सगळं अगदी प्रामाणिकपणे केलं तरी ही तपासणी कागदाचीच राहते, आणि ज्याची तपासणी तोच कागद तयार करतो. प्रॅक्टिकलचंही तेच. बाहेरचा परीक्षक येतो, पण तो शेजारच्या पॉलिटेक्निकचा. आज तो इथे, उद्या इथले सर त्याच्याकडे. पोरांना कोण कशाला नापास करील? इंडस्ट्रियल ट्रेनिंगची गोष्ट तर मला फोनवरच कळते. ‘साहेब, मुलगा येणार नाही, क्लास असतो त्याला, तुम्ही फक्त लेटरहेडवर शिक्का मारून द्या.’ असे फोन दर मोसमात येतात. मी नाही म्हटलं की दुसरा कुणी देतो.

तुमच्याच सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मुलं तिकडे पाठवणार आहोत तर त्यांची पद्धतही जरा बघू या. तिथे शिकाऊ मुलगा कंपनीत आणि शाळेत शिकतो, पण त्याची अंतिम परीक्षा यांपैकी कुणाच्या एकट्याच्या हातात नसते. ती उद्योग-व्यापार चेंबर घेतं. परीक्षा मंडळावर मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि शिक्षक असे तिघे बसतात. १९६९ पासून तिथे तसा कायदा आहे. शिकवणारा वेगळा, पास करणारा वेगळा.

आपल्याकडे पुण्यात १९३४ पासूनचं उद्योजकांचं मराठा चेंबर आहे, भोसरी-चाकणमध्ये लघुउद्योजकांच्या संघटना आहेत. प्रत्येक पॉलिटेक्निकमधल्या शेवटच्या वर्षाच्या काही मुलांची नावं एमएसबीटीईने चिठ्ठ्या टाकून काढावीत, त्याच दिवशी सकाळी कळवावीत, आणि त्यांची तीन तासांची कामाची परीक्षा घ्यावी. परीक्षक म्हणून कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर आणि अनुभवी कामगार असावेत, सोबत राज्याच्या दुसऱ्या विभागातला एक शिक्षक. मुलाच्या मार्कांना हात लावायचा नाही, निकाल कॉलेजचा. आणि तो कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, पालक ऑप्शन फॉर्म भरतात त्याच पानावर, कॉलेजच्या नावासमोर दिसला पाहिजे. त्याच्या बाजूला मंजूर पदं किती, कायम शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती, हेही. सगळं संस्थेच्या वेबसाइटवर असतंच, असं तुमचे अधिकारी म्हणतील. असतं. सहा लिंक उघडल्यावर, जुन्या वर्षाचं, स्कॅन करून तिरकं लावलेलं.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, शिक्षण म्हणजे कारखान्याला हवे तसे हात पुरवणं नव्हे. मान्य. उद्योगाच्या हाती अभ्यासक्रम मुळीच देऊ नका. आम्हाला उद्या संध्याकाळची ऑर्डर दिसते, मुलाची पुढची तीस वर्षं दिसत नाहीत. गणित, इंग्रजी, मटेरियल सायन्स शिकवणाऱ्याचा मान राहिलाच पाहिजे, आणि त्याला वर्षानुवर्षं तासांवर राबवून तो राहत नाही. ती पदं भरणं फक्त तुमच्याच हातात आहे.

येत्या हिवाळी परीक्षेला पुणे विभागातल्या चार-पाच पॉलिटेक्निकमध्ये हे करून बघा. खाजगी संस्थांबरोबर एखादी सरकारीही घ्या. शाफ्ट, ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि दोन सुपरवायझर माझ्याकडून. भत्ता नको. फक्त परीक्षा गुरुवारी ठेवा, त्या दिवशी आमच्या शॉपला सुट्टी असते.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक