धरणात पेट्रोल न सोडणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ओझरचे काका’. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. विमानांच्या कारखान्यात सगळी नोकरी इंधनाच्या नळ्या तपासण्यात घालवलेला आणि निवृत्तीनंतर गंगापूर धरणाच्या काठावर चिखलात बसून एका लहानशा बोटीची नळी तपासणारा दुसरा माणूस नाशिकमध्ये असेल असं वाटत नाही.

आभार खरं तर आमच्या बोटीतली पेट्रोलची गळती सापडली म्हणून मानायला हवेत. ते मानतोच. पण त्याहून जास्त त्या पत्र्याच्या डब्याबद्दल मानायचे आहेत. त्यावर पुढे येतो. आधी गळतीबद्दल, कारण ती तुम्ही ज्या रीतीने शोधलीत ते बोट बाळगणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं.

बोट साधी. फायबरची, मागे 25 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन, पुढे सुटी टाकी, मध्ये नळी आणि मशीनकडे पेट्रोल ढकलायला हाताने दाबायचा रबरी बल्ब. पण गोदावरीला पूर आला की माणसं काढायला हीच पाण्यात जाते. 2008, 2016 आणि 2019 ही सालं नाशिककरांना सांगायला नकोत. ज्याच्यावरून पुराची पातळी मोजतात त्या रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलेलं असताना प्रवाहात मशीन भुकभुकायला लागलं तर काय होईल, हेही सांगायला नको.

दुखणी दोन होती. बोट उन्हात उभी असली की तळाशी पेट्रोल जमायचं आणि वास यायचा. आणि बोट जोरात पळवली की थोड्या वेळाने मशीन उपाशी पडल्यासारखं धापा टाकायचं. बल्ब दाबला की परत उचलायचं.

तुमच्याआधी जे जे कारागीर येऊन गेले, त्यांनी ही दोन वेगळी दुखणी धरली. एकाने धापा टाकण्यावर प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पैसे घेतले. दुसऱ्याने वासावर इलाज केला. बल्ब दगडासारखा कडक होईपर्यंत दाबला, जोडांवर बोट फिरवलं, ओल दिसली नाही म्हणून सगळ्या क्लिपा आणखी आवळल्या आणि टाकीच्या तोंडाशी एम-सील थापलं. तिसऱ्याने मशीनच्या बाजूला चक्क पाणी मारायची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडली. पेट्रोलमध्ये असली नळी काही दिवसांत कडक होते, आखडते आणि जोडावरून निसटते. नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेपही इथे चालत नाही. पेट्रोलच्या आट्यांवर ती गुंडाळली की तिचे तंतू सुटून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. हे त्या तिघांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून केलं, याचाच राग जास्त येतो.

तुम्ही आल्यावर पाना हातात घेतलाच नाहीत. आधी विचारलंत, वास कधी येतो? टाकी भरल्यावर, मशीन चालू असताना, की बोट उभी असताना? टाकी भरल्याबरोबर येत असेल तर टाकीच्या वरच्या अंगाचा संशय घ्यायचा: झाकणाचं वॉशर, पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याच्या बैठकीचं पॅकिंग. मशीन चालू असताना येत असेल तर मशीनवरच्या पंपाच्या पुढे बघायचं, म्हणजे पंप ते कार्बोरेटर, नाहीतर कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकून कार्बोरेटर ओसंडत असतो. उभ्या बोटीत येत असेल तर टाकी ते पंप. एवढ्या एका प्रश्नात निम्मी बोट तपासून झाली होती.

मग तुम्ही जे समजावलंत ते इथे मुद्दाम लिहितो. मशीन चालू असताना पंप पेट्रोल ओढत असतो, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. तिथे चीर असेल तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मशीन धापा टाकतं ते त्यामुळे. बोट उभी, टाकीत हवा ये-जा करण्यासाठी असतो तो हवेचा स्क्रू बंद आणि वर ऊन. मग टाकीत दाब वाढतो आणि त्याच चिरेतून पेट्रोल बाहेर येतं. भोक एकच, दुखणी दोन.

आणि बल्ब दाबून ते कुणाला सापडलं नाही, याचंही कारण होतं. बल्बच्या दोन्ही तोंडांना एकेरी झडपा असतात. बल्ब दाबला की टाकीकडची झडप मिटते आणि दाब फक्त मशीनच्या बाजूला जातो. म्हणजे टाकी ते बल्ब हा तुकडा बल्ब दाबून कधीच तपासला जात नाही, कितीही जोरात दाबा. चीर नेमकी तिथेच होती. बल्बच्या टाकीकडच्या तोंडाशी, क्लिपेखाली.

ती शोधायची तुमची पद्धत तर कुठल्याही गॅरेजमध्ये पाहिली नव्हती. नळी दोन्हीकडून सोडवलीत, तिच्यातलं पेट्रोल डब्यात रिकामं केलंत. मशीनकडचा कनेक्टर सुटा झाला की त्यातली स्प्रिंगची झडप आपोआप बंद होते, ते टोक झालं बंद. टाकीकडच्या टोकाला जुन्या बीपीच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडलंत. 100 वर नेऊन थांबलात. पाऱ्याचे 100 मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन पौंड दाब. कॉम्प्रेसर लावायचा मोह कुणालाही होईल, पण तेवढा दाब या नळ्यांसाठी आणि बल्बच्या झडपांसाठी नसतोच. चांगला जोडही फाटतो आणि मग खरी गळती कुठली ते कळत नाही. घड्याळाचा काटा हळूहळू उतरायला लागला. मग नळी पाण्याच्या बादलीत, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशी. क्लिपेखालून बुडबुड्यांची माळ निघाली.

तो तुकडा ब्लेडने उभा चिरून तुम्ही उलगडलात. बाहेरचं रबर नवं दिसत होतं. आतल्या अस्तराला क्लिपेच्या कडेकडेने भेगा. कारणं तीन, आणि तिन्ही एकमेकांना हात देणारी. एक, ती खाचा पाडलेल्या पट्टीची क्लिप. आवळली की रबर त्या खाचांत शिरतं आणि कापलं जातं. वास आला की आवळ, पुन्हा आला की पुन्हा आवळ, हे जेवढं झालं तेवढी ती आत रुतत गेली. दोन, ऊन. तीन, पंपावर मिळणारं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या साध्या रबराच्या नळ्या त्यात आधी फुगतात आणि मग तडकतात. नवी नळी घेताना तिच्यावर ‘ए1-15’ किंवा ‘बी1-15’ असं छापलेलं आहे का बघा, असं तुम्ही सांगितलंत. त्यातलं 15 म्हणजे नळीच्या भिंतीतून झिरपणाऱ्या इंधनाची मर्यादा, दर चौरस मीटरला दिवसाला 15 ग्रॅम. ‘ए’ असेल तर ती आगीच्या चाचणीतही अडीच मिनिटं टिकते. माप जुन्याच नळीचं ठेवायचं; बारीक घातली तर मशीन पुन्हा उपाशी. टोक गरम पाण्यात बुडवून चढवायचं, लायटरने नाही. क्लिप गुळगुळीत पट्टीची स्टेनलेसची, नळीच्या टोकापासून थोडी आत आणि जोडाच्या उंचवट्यांच्या पलीकडे. आवळायची किती? नळी हाताने फिरेनाशी होईपर्यंत, त्यापुढे नाही.

जुन्या नळ्यांसाठी तुमची युक्ती सगळ्यात स्वस्त. कोरडा स्वच्छ कपडा नळीवरून फिरवायचा आणि नाकाशी धरायचा. कपड्याला पेट्रोलचा वास आला तर नळी कोरडी दिसली तरी संपलेली आहे.

आता डब्याबद्दल.

बोटीच्या तळाशी पाणी आणि पेट्रोल साचलेलं होतं. आधीच्यांनी अशा वेळी काय केलं होतं? मागचं बूच काढलं आणि सगळं काठावर सोडून दिलं. ते ओघळत धरणात गेलं. एकजण तर तळातला पाण्याचा पंप चालू करायला निघाला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड, खाली तळाशीच बसते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली की ठिणगीला पुरते. पंपाच्या बटणाची ठिणगी त्यासाठी बास.

तुम्ही आधी खिशातला मोबाइल काढून लांब दगडावर ठेवलात, बाकीच्यांना ठेवायला लावलात. बॅटरीची ऋण तार सोडलीत. मग बूच न काढता सुती फडकी तळात बुडवून पिळायला लागलात, पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. फडकं, पीळ, फडकं, पीळ. ‘सर, बूच काढा, पाच मिनिटांत होईल,’ असं काठावरून कुणीतरी म्हणालं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘हे पाणी संध्याकाळी सिडकोत नळाला येतं.’ एवढंच. शेवटी तो डबा आणि फडकी स्कूटरला बांधून ओझरला घेऊन गेलात.

नाशिकचं पिण्याचं पाणी मुख्यत्वे याच धरणातलं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तरीही तळातलं दोन लिटर पेट्रोल धरणात सोडताना कुणाचा हात अडत नव्हता. धरण केवढं, पेट्रोल केवढं, असा हिशेब. या हिशेबाने आपण गोदावरीचं काय केलंय ते रामकुंडावर उभं राहिलं की दिसतं. 2027चा सिंहस्थ येतोय, निधी येतील, फलक लागतील, स्वच्छतेच्या शपथा होतील. चांगलंच आहे. पण शपथ न घेता फडकी पिळणारी माणसं आपल्या गल्लीत, आपल्या गावात असतात, आणि त्यांच्या कामाला बिल नसतं, म्हणून ती मोजलीच जात नाहीत. इस्पितळात रात्री औषधाची चिठ्ठी समजावून सांगणारा कंपाउंडर असतो, एस.टी.त म्हातारीला तिच्या फाट्यावर हाक मारून उतरवणारा कंडक्टर असतो. आता या यादीत ओझरचे एक काका.

नवी नळी बसल्यानंतरची तुमची परीक्षाही सांगून ठेवतो, नाहीतर कुणी वाचून घाई करेल. जोडांखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवायच्या, हवेचा स्क्रू बंद करून बोट भर दुपारी उन्हात उभी करायची. पट्ट्या कोरड्या निघाल्या तरच पाण्यात जायचं, आणि तिथे स्क्रू उघडून पूर्ण जोरात, वजन घेऊन पळवायची. बल्ब पोटात ओढला जाता कामा नये. ओढला गेला तर हवेचा स्क्रू किंवा टाकीतली जाळी बंद आहे असं समजायचं. पेट्रोल भरताना टाकी बोटीतून उतरवून जमिनीवर ठेवायची आणि काठोकाठ भरायची नाही. 24 लिटर पेट्रोल 20 अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. आणि बोट लावली की मशीनकडचा कनेक्टर सोडून ठेवायचा. हे सगळं आता बोटीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलंय, तुमच्याच शब्दांत.

दुसऱ्या बोटीची नळीही जुनीच आहे, फडक्याला वास येतो. यंदा पावसाच्या आधी नळी, गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा, सुती फडकी आणि घट्ट झाकणाचा डबा आम्ही आणून ठेवतो. तुम्ही फक्त तो बीपीचा फुगा घेऊन या. जेवण इथेच, काठावर, भाकरी आणि ठेचा. आणि या वेळी तरी पेट्रोलचे पैसे नको म्हणू नका.

आपले,
गंगापूरच्या काठावरची पोरं