‘खेळ कोणत्या वर्षांतले?’ असे आधी विचारणाऱ्या मार्गदर्शकांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या काळातल्या भागांपासून खेळांसाठी संगणक उभा करण्याच्या कामात आपण मला जी मदत केलीत, तिच्याबद्दल मी आपले आभार यापूर्वीच मानले आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण समजावून दिलेल्या गोष्टी या छंदात नव्याने येणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील, असे मला मनापासून वाटते.

प्रोसेसर कोणता घ्यावा, असे मी विचारले, तेव्हा आपण आधी विचारलेत की खेळ कोणत्या वर्षांतले खेळायचे आहेत. डॉसचे जुने खेळ आणि विंडोज ९८ च्या काळातले त्रिमितीय खेळ एकाच यंत्रावर हवेत, हे कळल्यावर आपण इंटेलचा १९९८ सालचा ४४०बीएक्स चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपा) असलेला मदरबोर्ड सुचवलात, कारण साउंड कार्डासाठी आयएसए, व्हूडू या त्रिमितीय चित्रांच्या जोडकार्डासाठी पीसीआय आणि ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी असे तिन्ही स्लॉट त्यावर एकत्र मिळतात. पुढचा प्रत्येक निर्णय आपण याच प्रश्नापाशी नेऊन तपासलात, आणि माझ्या मते आपले खरे ऋण हेच आहे.

प्रोसेसरचेच पाहा. बीएक्सची बस, म्हणजे प्रोसेसरला चिपसेटशी जोडणारी वाट, अधिकृतपणे १०० मेगाहर्ट्‌झची आहे. ती १३३ वर नेता येते, पण एजीपीचा वेग बसच्या वेगावरून ठरतो आणि त्यासाठी दोन-तृतीयांशापेक्षा लहान गुणोत्तर या चिपसेटमध्ये नसल्यामुळे ६६ वर चालायचे ग्राफिक्स कार्ड जवळपास ८९ मेगाहर्ट्‌झवर ओढले जाते, आणि ते प्रत्येक कार्डाला सोसतेच असे नाही. म्हणून आपण १०० च्या बसवर चालणारा ८५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री घ्यायला सांगितलेत. शिवाय सुरुवातीच्या कित्येक बीएक्स बोर्डांवरचा व्होल्टेज रेग्युलेटर १.८ व्होल्टच्या खाली उतरत नाही, तर या प्रोसेसरला त्याहून कमी व्होल्टेज लागते. तेव्हा रेग्युलेटर चिपवरचा क्रमांक वाचून खात्री करा आणि मगच पैसे मोजा, हा आपला सल्ला मी आता सगळ्यांना सांगत असतो.

आवाजाच्या बाबतीत आपण जितका वेळ दिलात, तितका दुसऱ्या कोणी दिला नसता. डॉसचे खेळ मध्ये कोणताही ड्रायव्हर न घेता २२० या पत्त्यावर साउंड ब्लास्टर शोधतात. पीसीआय कार्डांना तिथे सोंग आणावे लागते आणि ते अनेकदा उघडे पडते. आयएसएचे साउंड ब्लास्टर १६ घ्यायचे ठरले, तेव्हाही त्याच नावाखाली किती निरनिराळी कार्डे निघाली होती, हे आपण दाखवून दिलेत. काहींवर संगीताचे सूर तयार करणारी यामाहाची खरी ओपीएल३ चिप आहे, तर नंतरच्या अनेकांवर कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्हची स्वतःची सीक्यूएम, जिचा सूर वेगळा लागतो. कार्डाच्या छायाचित्रात ओपीएल३ चिपवरची वायएमएफ२६२ ही अक्षरे कुठे पाहायची, ते आपण खूण करून पाठवलेत. पहिल्या खेळाचे संगीत त्या कार्डातून ऐकले, तेव्हा हा फरक सांगण्यासाठी आपण एवढा आग्रह का धरला होता, ते पुरते कळले.

कपॅसिटर बदलण्याचे काम तर आपण स्वतः समोर बसून करून घेतलेत. प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. मदरबोर्डच्या आतला तांब्याचा थर सोल्डरिंग आयर्नची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे ग्राउंडशी जोडलेल्या पायाचे जुने सोल्डर वितळता वितळत नाही. आपण त्या जोडावर आधी थोडे ताजे सोल्डर चढवायला लावलेत, मग एक पाय तापवून कपॅसिटर किंचित कलवायचा, दुसरा तापवून उलट बाजूला कलवायचा, आणि जोर अजिबात लावायचा नाही. छिद्राच्या आतला तांब्याचा मुलामा उपटून निघाला तर बोर्ड गेलाच, हे आपण अगदी शांतपणे सांगितलेत आणि माझा हात स्थिर होईपर्यंत थांबलात. नवे कपॅसिटर कमी ईएसआरचेच, म्हणजे आतला रोध कमी असलेलेच हवेत, हेही आपण तेव्हाच बजावलेत.

पॉवर सप्लायबद्दलची आपली सूचनाही मोलाची ठरली. या काळातले बोर्ड बरीचशी वीज ५ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात, तर आजचे सप्लाय १२ व्होल्टवर भर देतात. वॉटचा मोठा आकडा पाहून निवड केली असती, तर मूळ गरज राहूनच गेली असती.

नुकतेच मी दुसरे व्हूडू२ बसवले. १२ मेगाबाइटच्या एका कार्डावर त्रिमितीय चित्र ८०० बाय ६०० पर्यंतच जाते. दोन कार्डे एकाआड एक ओळी वाटून घेतात आणि १०२४ बाय ७६८ मिळते. १९९८ सालचा ‘अनरिअल’ हा खेळ ग्लाइड या व्हूडूच्या स्वतःच्या ग्राफिक्स प्रणालीवर त्या आकारात चालताना पाहून मन भरून आले. ही वाढ करावी की नाही, हे मात्र मी आपल्याला विचारले नाही. खेळांची यादी समोर ठेवली आणि उत्तर मिळाले.

आता राहिले आहेत ते १९९० च्या आसपासचे, प्रोसेसरच्या गतीला बांधलेले खेळ. आपण सांगितल्याप्रमाणे बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची जलद स्मृती, बंद करून त्यांची चाल जुळवत आहे. ‘विंग कमांडर’ कोणत्या जुळणीवर नीट चालतो, ते आपल्याला सविस्तर लिहून कळवीन.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी