पाडव्याच्या आधी की नंतर

बडोदे, सोमवार

प्रिय सुमे,

होळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, आणि तूही फोनवर नुसतं 'बरं आहे गं' म्हणून ठेवून देतेस. इकडे माझं बीपी गोळीवर ठीक, ह्यांचा गुडघा पावसाळ्यामुळे कुरकुरतोय. पण काल रात्री जावयाचा फोन आला आणि तेव्हापासून मला चैन नाही. हे तुझ्याखेरीज कुणाला सांगणार?

माझ्या बकुळचं तुला माहीत आहेच. तिने आणि जावयाने मिळून घटस्फोटाचा अर्ज करायचं ठरलंय. भांडण नाही, मागणी नाही. फ्लॅट विकला, पैसे वाटून झाले, दागिने त्याने स्वतः आणून दिले. आता सगळं अडलंय ते एका तारखेवर.

अर्जात लिहावं लागतं की आम्ही अमुक दिवसापासून वेगळे राहतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, मग अर्ज, मग पुन्हा सहा महिने थांबून दोघांनी कोर्टापुढे परत 'हो' म्हणायचं. हे सहा महिने माफ करून घेता येतात, सुप्रीम कोर्टाने २०१७ साली तशी वाट करून दिली आहे. पण त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं हवं. बकुळला दसऱ्याच्या आत बंगळूरला रुजू व्हायचंय. मागे काही लोंबकळत ठेवून तिला जायचं नाही.

तिच्या हिशोबाने ते वेगळे झाले गेल्याच्या गेल्या नवरात्रात. गरब्याहून परत आल्यावर त्या रात्री जे बोलणं झालं, तेव्हापासून ती आतल्या खोलीत आणि तो हॉलमध्ये. त्याच्या हिशोबाने, तो गोत्रीला भाड्याच्या खोलीत गेला तेव्हापासून, म्हणजे गेल्या जूनपासून. तिची तारीख धरली तर दीड वर्ष होऊन गेलं. त्याची धरली तर जेमतेम एक, म्हणजे सहा महिने थांबणं आलंच.

वकीलबाई म्हणतात, एका छपराखाली राहूनही माणसं कायद्याने वेगळी असू शकतात. नवराबायको म्हणून राहत नव्हते एवढंच बघायचं, सुप्रीम कोर्टाने १९९१ सालीच तसं सांगितलंय. म्हणजे बकुळची तारीख चालते.

पण सुमे, त्या दिवाळीला मी तिथे होते.

नवरात्रानंतरचीच दिवाळी. मला कुणी काही बोललं नव्हतं. पाडव्याला संध्याकाळी मीच तबक तयार केलं, सुपारी, अंगठी, अक्षता, निरांजन सगळं. बकुळने त्याला ओवाळलं. त्याने तबकात पाकीट ठेवलं. इथपर्यंत आईसमोरचं नाटक म्हणून मी सोडून देईन, आणि बकुळही तेच म्हणते, 'आई, ते तुझ्यासाठी केलं गं.' पण टिळा लावताना कुंकू जरा नाकाकडे ओघळलं, तर तिने तबक डाव्या हातावर तोललं आणि अंगठ्याने ते हळूच पुसून टिळा सरळ केला. त्यासाठी तो खाली वाकला. हे करायला मी सांगितलं नव्हतं. मी बघतेय हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं, मी तेव्हा फुलवातीचं तूप बघत होते.

आता तू सांग, तेव्हा ते वेगळे होते की नव्हते?

काल तो म्हणाला, 'आई, तारीख तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल त्यावर मी सही करतो.' मला 'आई'च म्हणतो अजून. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि फोन ठेवला. शपथेवर लिहायचं आहे गं ते. आणि दुसऱ्या वेळेला 'हो' म्हणेपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकतं. त्याच्या गळी एखादी तारीख उतरवली आणि आत कुठेतरी ती त्याला सलत राहिली तर?

मला मधेच बनूआत्या आठवते. मागची खोली, तो पितळी करंडा, आणि नवसारीच्या त्या नवऱ्यासाठी रोजचं कुंकू. सयाजीराव महाराजांनी १९३१ सालीच बडोद्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा करून दिला होता. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९४७ उजाडलं आणि सगळ्या देशाला १९५५. पुण्याच्या बाईला जे मिळत नव्हतं ते आत्याला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, न्यायमंदिरात होतं. तिला तिथवर नेणारं मात्र कुणी निघालं नाही. म्हणून बकुळच्या मागे मी ठाम उभी आहे, त्यात शंका नको. कोर्ट आता दिवाळीपुऱ्याला गेलंय, तिथेही मी तिच्याबरोबर जाणार.

आणि तुझं ते कलम १०! लग्न मोडलेलं नाही, पण एकत्र राहण्याचं बंधन नाही. एक वर्षानंतर तुला घटस्फोट मागता आला असता, भाऊजींनाही. दोघांनीही मागितला नाही. ते गेले तेव्हा कागदावर तूच त्यांची बायको होतीस, आणि दहाव्याला तुला कुठे बसवायचं हे त्यांच्या घरात कुणाला सुचेना. मी तुझा हात धरून पुढे नेलं, आठवतंय ना? तेव्हाही तू माझ्यावरच चिडलीस, 'मला ओढू नकोस' म्हणून! बरं, चिडण्याचं निघालंच आहे तर सांगते, तुम्ही वेगळे झालात हे मला कमाटीबागेत, माकडांच्या पिंजऱ्यासमोर, तुझ्या नणंदेकडून कळावं हे मी अजून विसरलेले नाही. तू आधी मला सांगायला हवं होतंस. सत्तरीला आलो तरी माझं म्हणणं तेच राहणार, तू कितीही पोहे-जलेबी खाऊ घाल.

म्हणून तुलाच विचारते. तुझ्या अर्जात तू कुठला दिवस लिहिला होतास? घर सोडलंस तो, की त्याच्या आधीचा कुठला? तुला तो दिवस नक्की माहीत होता का? माझं मन जावयाच्या तारखेकडे झुकतं. तो टिळा सरळ करणारी माझी मुलगी मला त्या घरात नवऱ्याबरोबर राहणारी दिसली, आणि डोळ्यांनी बघितलेलं मी पुसणार कसं? पण तसं म्हटलं तर बकुळचे सहा महिने जातात. ती म्हणेल, आई, तू त्याच्या बाजूने गेलीस.

तुझ्या नातवाचं दहावीचं कळलं, शाब्बास म्हणावं त्याला. इंदूरच्या घराचं गळणं थांबलं का? सुनेला लीलो चिवडा पाठवते, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर.

शुक्रवारी वकीलबाईंकडे जायचंय. त्याआधी फोन कर, दुपारी तीननंतर, तेव्हा हे झोपलेले असतात. आणि नुसतं 'बरं आहे गं' म्हणून ठेवू नकोस.

तुझी,
माई