चिराली आणि ऑलिम्पोस ही दोन वेगळी गावं आहेत : चुकीचा सहल आराखडा आणि पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

ठाणे, ६ एप्रिल २०२६

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय : २३ ते ३० मे २०२६ या तुर्कस्तान सहलीसाठी चुकीच्या गावात केलेलं बुकिंग, आराखड्यातल्या चुका आणि तुमच्या ग्राहकसेवेने दिलेली उत्तरं

महोदय,

शनिवारी तुमच्या ग्राहकसेवेशी सहाव्यांदा बोलून झालं. सातवा फोन करणार नाही. यापुढे मला लेखी उत्तर हवं आहे, आणि ते ज्याला निर्णय घ्यायचा अधिकार आहे त्याच्याकडून हवं आहे.

आमची मागणी एका ओळीत मावणारी होती. अंतल्या प्रांतातलं चिराली हे गाव, सात रात्री, किनाऱ्याच्या बाजूचं बागेतलं घरगुती पान्सियोन (म्हणजे कुटुंबाने चालवलेलं छोटं अतिथीगृह), धावपळ अजिबात नाही. चौघं जण, त्यांतले दोघं सत्तरीपुढचे. गावाचं नाव पहिल्याच ईमेलमध्ये तुर्की स्पेलिंगसकट दिलं होतं. या कामाचं आराखडा शुल्क तुम्ही पॅकेजच्या किमतीबाहेर वेगळं घेतलंत. आणि तुमच्याकडून जो आराखडा आला, त्यात मुक्काम ऑलिम्पोसच्या ट्री-हाउसमध्ये आहे, शेजारी लिहिलंय ‘चिराली बीच, शून्य मिनिटं’.

तुम्ही हा किनारा विकता, म्हणजे पुढचं सगळं तुमच्या विभागाला माहीत असणार असं मी धरून चालते. तरीही लिहिते, कारण फोनवरच्या एकालाही ते माहीत नव्हतं. अंतल्याहून पश्चिमेला जाणारा डी-४०० महामार्ग या भागात समुद्रापासून बराच वर, डोंगरातून जातो. उलुपनारजवळ चिरालीचा फाटा लागतो आणि तिथून सुमारे सात किलोमीटरचा वळणावळणाचा उतार थेट गावात येतो. ऑलिम्पोसचा फाटा वेगळा, महामार्गावर आणखी पुढे. तो रस्ता दुसऱ्या दरीतून उतरतो आणि प्राचीन शहराच्या अवशेषांपाशी संपतो. हे दोन रस्ते खाली एकमेकांना मिळत नाहीत. गाडीने एका गावातून दुसऱ्यात जायचं तर पुन्हा महामार्गापर्यंत चढायचं, फाटा बदलायचा आणि परत उतरायचं. पायी जायचं तर अवशेषांमधून ओढ्याच्या कडेने किनाऱ्यावर यायचं आणि मग किनाऱ्याने उत्तरेला चिरालीकडे. अवशेषांच्या वाटेवर तिकीट लागतं. किनारा तीन किलोमीटरहून लांब आहे आणि तो गोट्यांचा आणि भरड वाळूचा आहे. सूटकेसची चाकं त्यावर फिरतच नाहीत. (तुमच्या माहितीपत्रकात ‘पांढरी मऊ वाळू’ छापली आहे, तेही दुरुस्त करा. तिथे पाण्यात उतरायला रबरी तळव्याचे बूट लागतात.)

ऑलिम्पोस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो भाग संरक्षित पुरातत्त्व क्षेत्र असल्याने तिथे लाकडी खोल्याच आहेत, आणि पाठीवर बॅग टाकून फिरणाऱ्या तरुण मुलांना तिथला रात्रीचा गोंगाट आवडतो. आम्ही मागितली होती ती शांतता. चिरालीत ती आहे, कारण गावातली राहण्याची ठिकाणं संत्र्यांच्या बागांमधली, एक-दोन मजल्यांची आणि किनाऱ्यापासून मागे सरून आहेत. हा पट्टा १९७२ सालापासून राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. किनाऱ्याला चिकटून मोठी हॉटेलं उठलेली नाहीत ती त्यामुळेच.

आता शनिवारचा फोन. हे सविस्तर लिहिते, कारण हेच मला सगळ्यात जास्त लागलं आहे.

मी म्हटलं, बुकिंग चुकीच्या गावात झालंय. उत्तर आलं, “मॅडम, मॅपवर दीड किलोमीटर दाखवतंय. चालत वीस मिनिटं.” मी म्हटलं, ती वाट अवशेषांतून आणि गोट्यांवरून जाते, सोबत दोन वृद्ध माणसं आणि चार बॅगा आहेत. त्यावर, “मॅडम, सुट्टीवर जाताय ना, थोडं चाललं तर छानच वाटेल.” मी विचारलं, तुमच्याकडे चिरालीत एक तरी पान्सियोन आहे का? कीबोर्डचा आवाज आला, मग, “सिस्टिममध्ये चिराली आणि ऑलिम्पोस एकच लोकेशन आहे.” मी रस्ते वेगळे आहेत हे समजावलं. अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं. मग दुसरे गृहस्थ आले. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, “तुम्हाला एवढं सगळं माहीत आहे तर आमच्याकडे कशाला आलात? स्वतःच करायचं होतं प्लॅनिंग.” आणि मी बोलत असताना फोन ठेवला.

हे वाक्य तुम्ही स्वतः एकदा मोठ्याने वाचा. ज्या कामाचे पैसे तुम्ही वेगळे घेतलेत, तेच काम ग्राहकाने करायला हवं होतं, असं तुमचा माणूस ग्राहकाला सांगतो. कॉल रेकॉर्ड होतात असं तुमची फीत दर वेळी सांगते. तर ते रेकॉर्डिंग जपून ठेवा. मी ते मागणार आहे.

बाकीचा आराखडाही त्याच बेपर्वाईने केलेला आहे.

मुंबईहून येणारं विमान इस्तंबूलच्या नव्या विमानतळावर, युरोपच्या बाजूला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी उतरतं. अंतल्याचं विमान दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी सबिहा ग्योकचेनहून सुटतं, म्हणजे आशियाच्या बाजूने. मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी आणि सुमारे ऐंशी किलोमीटरचं अंतर. पासपोर्टची रांग, सामान, मग शहराच्या रहदारीतून दीड ते दोन तास. देशांतर्गत विमानाचं चेक-इन उड्डाणाच्या पाऊण तास ते तासभर आधी बंद होतं. हे विमान मिळणार नाही. दोन्ही तिकिटं वेगळ्या पीएनआरवर काढल्यामुळे विमान चुकलं तर नवं तिकीट आमच्या खिशातून. पहिलं विमान ज्या विमानतळावर उतरतं, तिथूनच अंतल्याला दिवसभर विमानं आहेत. ती सोडून समुद्रापलीकडचं विमान का निवडलं, याचं कारण मला लेखी द्या.

अंतल्या विमानतळ ते मुक्काम ‘४५ मिनिटं’ असं लिहिलंय. विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे. आधी शहर पार करायचं, मग केमेरमार्गे डोंगररस्ता. किमान दीड तास धरायला हवा.

किनाऱ्यावरच्या ‘रोमँटिक बॉनफायर डिनर’चे तुम्ही माणशी वेगळे पैसे लावलेत. ते वाचून मला धक्का बसला. चिरालीचा किनारा समुद्री कासवांच्या विणीचा आहे. कॅरेटा कॅरेटा जातीच्या माद्या मे महिन्यापासून रात्री वाळूत येतात, खड्डा खणतात, एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालतात. साधारण पन्नास ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्याकडचा उजेड बघून समुद्राची दिशा धरतात. मागे जाळ किंवा दिवे असले तर ती उलटी जमिनीकडे चालत जातात आणि सकाळपर्यंत मरतात. मादीला उजेड दिसला किंवा हालचाल जाणवली तर ती अंडी न घालताच परत फिरते. म्हणून विणीच्या काळात तिथे रात्री जाळ नाही, टॉर्च नाही, वाळूवर गाडी नाही, आणि छत्रीचा दांडा वरच्या कोरड्या वाळूत रोवायचा नाही, कारण खाली घरटं असू शकतं. घरट्यांवर स्वयंसेवक जाळीचे पिंजरे ठेवतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाहायला मुंबई-पुण्याहून माणसं पहाटे उठून जातात, दोरीमागे शांत उभी राहतात. मराठी ग्राहकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तुम्ही मात्र त्याच मराठी ग्राहकाला विणीच्या किनाऱ्यावर जाळ करायचं तिकीट विकता. आमचं ते डिनर रद्द करा आणि ते सगळ्याच आराखड्यांतून काढून टाका. यावर मी थोडीही तडजोड करणार नाही.

यानार्ताशची भेट सकाळी ११ ते ११:३० ठेवली आहे. तिथे खडकाच्या भेगांतून मिथेन बाहेर येतो आणि जळत राहतो. प्राचीन काळी किमेरा राक्षसीची दंतकथा याच ज्वाळांशी जोडली गेली. भर उन्हात त्या ज्वाळा जेमतेम दिसतात. तिकीटखिडकीपासून सुमारे एक किलोमीटर दगडी चढण आहे, चढायला वीस ते तीस मिनिटं. म्हणजे तुमच्या अर्ध्या तासात माणूस वर पोचतो आणि लगेच खाली पळतो. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी चढायला सुरुवात करायची, उतरताना प्रत्येकाच्या हातात टॉर्च आणि पायात बूट. सत्तरीपुढच्यांनी जायचं की नाही हे त्यांना चढण समजावून सांगून विचारायचं असतं, आराखड्यात गृहीत धरायचं नसतं.

‘ऑलिम्पोस केबल कार, हॉटेलपासून चालत’ हा तर त्याच चुकीचा दुसरा अवतार. केबल कार ताहताली डोंगरावर आहे. प्राचीन काळी त्या डोंगराला ऑलिम्पोस म्हणत, म्हणून तिला ते नाव. खालचं स्थानक ७२६ मीटर उंचीवर, वरचं २,३६५ मीटरवर, आणि तिथे जायचा रस्ता चाम्युवा आणि तेकिरोवा यांच्या मधून फुटतो. ऑलिम्पोसच्या ट्री-हाउसमधून तिथे कुणी चालत जात नाही. एक नाव तीन ठिकाणांना आहे, एवढं ज्याला ठाऊक नाही त्याने या भागाचा आराखडा करू नये.

पाचव्या दिवशी पामुक्कले ‘हाफ डे’. चिरालीहून एका बाजूचा प्रवासच चार तासांहून जास्त आहे. रद्द करा.

जेवणाबद्दल ‘शुद्ध शाकाहारी हमी’ दिली आहे. ही हमी तुम्ही कुणाशी बोलून दिलीत? त्या किनाऱ्यावर शाकाहारी माणसाचं छान भागतं, पण नेमकं विचारावं लागतं. ‘एत’ म्हणजे मांस. नुसतं ‘एतसिझ’ (बिनमांसाचं) मागितलं तर कोंबडी ताटात येऊ शकते, कारण कोंबडीला ‘तावुक’ हा वेगळा शब्द आहे. मसुराचं सूप आणि पिलाव पुष्कळदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. ‘एत सुयु’ आणि ‘तावुक सुयु’ नको, हे स्वतंत्रपणे सांगायला लागतं. पालक किंवा बटाट्याचं सारण भरलेली ग्योझलेमे ही पातळ पोळी, ऑलिव्ह तेलातल्या गार खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या, सकाळचं चीज-ऑलिव्ह-टोमॅटो-मधाचं ताट, हे बिनधोक. ज्या पान्सियोनमध्ये घरची बाई स्वयंपाक करते तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवता येतं. तुम्ही शोधायला हवं होतं ते असं पान्सियोन.

तारखांबद्दलही कुणी एक शब्द बोललं नाही. २७ ते ३० मे ही कुर्बान बायरामची, म्हणजे बकरी ईदची सुट्टी आहे. आधीचे दिवस सरकारने जोडून दिले तर सलग नऊ दिवस होतात, आणि तेव्हा अर्धं तुर्कस्तान या किनाऱ्यावर उतरतं. बस भरलेल्या, रस्ते तुंबलेले, खोल्या महिनोन्‌महिने आधी गेलेल्या. शांत सुट्टी मागणाऱ्याला तुम्ही नेमका तोच आठवडा दिलात. ६ ते १३ जून घेतलं तर बायराम संपलेला असतो आणि तुर्की शाळांची सुट्टी सुरू व्हायची असते.

व्हिसा. ‘सर्वांना ई-व्हिसा, पाच मिनिटांत’ असं लिहिलंय. साध्या भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळायला शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी एकाचा वैध व्हिसा किंवा रहिवास परवाना लागतो. आमच्यातल्या दोघांकडे तो नाही, हे तुमच्या फॉर्मवर मी भरून दिलेलं आहे. त्यांना व्हिसा केंद्रात जाऊन स्टिकर व्हिसा काढावा लागेल. त्या अर्जाला हॉटेलचं बुकिंग जोडायचं असतं. ते बुकिंग चुकीच्या गावातलं आहे, म्हणून अर्ज अडला आहे. तुमच्या माणसाने ‘एकच लोकेशन’ म्हणून जी गोष्ट उडवून लावली, तिच्यामुळे सगळं इथे येऊन थांबलंय.

माझ्या मागण्या. चिराली गावातलंच पान्सियोन, नाव आणि पत्त्यासह, लेखी पुष्टी करून द्या. इस्तंबूलला एकाच विमानतळावरून आणि एकाच पीएनआरवर प्रवास द्या. तारखा ६ ते १३ जून करा आणि त्याचा फरक तुम्ही सोसा. आराखडा शुल्क आणि डिनरचे पैसे पूर्ण परत करा. शनिवारी फोन ठेवणाऱ्या गृहस्थांकडून लेखी माफी हवी. हे जमणार नसेल तर कोणतीही कपात न करता संपूर्ण रक्कम परत करा.

२१ एप्रिलपर्यंत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ठाण्याच्या जिल्हा आयोगात दावा लावेन. या कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आराखड्याची प्रत, ईमेल, पावत्या आणि सहाही फोनच्या तारखा-वेळा माझ्याकडे आहेत.

याआधी तीन सहली आम्ही तुमच्याकडूनच केल्या. तेव्हा तुमच्या कार्यालयात नकाशा टेबलावर पसरून बोलणारी माणसं होती. याही वेळी कुणी नकाशा उघडला असता तर चिराली आणि ऑलिम्पोसचे दोन फाटे त्यावर दिसले असते.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : आराखड्याची प्रत, आराखडा शुल्काची पावती, पहिल्या ईमेलची प्रत