चष्मा परत आणून देणाऱ्या दादांना

गेल्या शनिवारी आम्ही पाचजण महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरहून मुंबईला आलो, ते फक्त जहांगीर कलादालनातली चित्रं बघायला. हट्ट बाबांचा. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. आबालाल रहिमानांच्या जलरंगांवर तासन्‌तास बोलतील, पण १९५२ पासून उभ्या असलेल्या या दालनात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

गाडी सकाळीच पोचली, दालन उघडणार अकराला. तोवर काळा घोडा बघितला. (मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड होता, तो १९६५ साली राणीच्या बागेत गेला, आताचा घोडा २०१७ चा, बिनस्वाराचा. धाकटीला हाच आवडला.) आणि तिथेच कळलं, बाबांचा चष्मा टॅक्सीत राहिला! चष्म्याशिवाय प्रदर्शन म्हणजे मिठाशिवाय आमटी. बाबा गप्पच झाले.

तासाभराने तेच टॅक्सीवाले दादा शोधत आले. "आजोबा चित्रांचं बोलत होते, म्हटलं इथेच असतील." पैसे घेतले नाहीत, चहाही नाही. नाव विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

पायऱ्यांवर बाबांना हात देणारे आणि आत खुर्ची आणून देणारे सुरक्षारक्षक, तुमचेही आभार. आणि कागद ओला असताना आकाश कसं रंगवलं, हे बाबांना अर्धा तास सांगत बसलेल्या त्या तरुण चित्रकर्तीचे तर खासच. बाबांनी तिची एक चूकही काढली. तिने ती वहीत लिहून घेतली.

घरी आल्यापासून माळ्यावरची रंगपेटी खाली आली आहे.