होडीला आंब्याची फळी सुचवण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला छोट्या लाकडी होडीवरचा लेख वाचला आणि रात्री धड झोप लागली नाही. हौसेनं कोणी होडी बांधत असेल तर मला आनंदच आहे. पण 'लाकूड कोणतंही चालतं, टिंबर मार्केटमध्ये आंबा स्वस्तात मिळतो आणि शेतात स्वतःचं झाड असेल तर प्रश्नच मिटला' असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी एखादी फळी दोन पावसाळे पाण्यात ठेवून बघितली आहे का? आमच्या घरात तीन पिढ्या नाव चालली. म्हणून राहवलं नाही.

आधी आंब्याचं सांगतो. कोकणात आंब्याच्या अखंड खोडाची कोरलेली होडी असते, हे मला ठाऊक आहे. ती अंगानं जाड असते, तिला जोड नसतो आणि मालक तिला दरवर्षी तेल पाजतो. पाऊण इंची आंब्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडून केलेली होडी ही वेगळी गोष्ट. आंबा खोक्यांना ठीक, शटरिंगला ठीक. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं सुरू झालं की तो खिळ्याभोवती आधी काळा पडतो, मग मऊ. लेख वाचून एखाद्या पोरानं अशी होडी केली आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती घेऊन तो मधल्या धारेला गेला, तर काय होईल याचा विचार छापण्याआधी व्हायला हवा होता.

तोच प्रकार प्लायवूडचा. लेखात नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' म्हटलं आहे. दुकानात वॉटरप्रूफ म्हणून काहीही गळ्यात मारतात. मरीन प्लायवर आयएस 710 असा शिक्का असतो. त्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे, अशी त्याची परीक्षा आहे. 303 चा शिक्का असलेला प्लाय घरातल्या कपाटाला वापरावा. हे एका ओळीत सांगता आलं असतं.

साग उत्तम, यात वाद नाही. अंगात तेल असतं, फार आखडत नाही, फुगत नाही आणि वजनालाही बेताचा, वाळलेला घनफूट साधारण 18-19 किलो भरतो. पंधरा फुटी होडीला कापण्यात वाया जाणारं धरून माझ्या हिशेबानं 12-13 घनफूट पुरतो. म्हणजे अडचण लाकूड किती लागतं याची नाही, लांबीची आहे. वखारीत सगळी कापणी दारखिडकीच्या आणि पलंगाच्या मापानं होते. सात फुटी हवी तेवढी घ्या. बिनगाठीची सोळा फुटी मागितली की मालक चेहऱ्याकडे बघत बसतो.

मी अशा सहा फळ्या एका ठिकाणाहून मिळवल्या. मिळाल्या याचाच इतका आनंद झाला की तिथं तपासल्या नाहीत. घरी आणून रंधा मारला तर दोन फळ्यांच्या कडेला चार-चार बोटं पांढरं निघालं. वरून गेरू आणि तेल चोळून ते गाभ्याच्या रंगाचं केलं होतं. झाडाच्या सालीलगतचं हे पांढरं लाकूड पाण्यात टिकत नाही, भुंगाही त्यालाच आधी लागतो. अंगठ्याचं नख दाबलं तर उठून दिसत होतं. फळ्या परत घेतल्या नाहीत. तेव्हापासून मी फळीच्या टोकाची ताजी चकती कापून मागतो. टोकाला रंग चोळता येत नाही आणि जून सागाला ताज्या कापाशी जुन्या चामड्यासारखा वास येतो.

आता 'शेतात झाड असेल तर प्रश्नच मिटला' या वाक्याबद्दल. हे पत्र लिहायला बसलो ते खरं तर यासाठीच.

तीन वर्षांपूर्वीच्या वळवात आमच्या नदीकडच्या बांधावरचं जांभूळ मुळासकट आडवं झालं. आजोबांनी लावलेलं, दोन माणसांच्या कवेत मावेल न मावेल एवढं खोड. वाईट वाटलंच. पण वडील म्हणायचे, पाण्याखाली राहायचं तर जांभूळ. जुन्या विहिरींच्या तळाला जांभळाचीच लाकडं घालायचे. होडीच्या तळाला यापेक्षा चांगलं काय हवं होतं? सॉ मिलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "तात्या, कागद आणा, मग करवत चालवतो. जांभूळ यादीत हाय."

त्याचं बरोबर होतं. 1964 च्या वृक्षतोड कायद्याला परवानगीशिवाय न तोडायच्या झाडांची जी यादी जोडली आहे, तिच्यात साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, बिवळा, हेद, जांभूळ ही सगळी आहेत. म्हणजे होडीच्या कामाला येणारं बहुतेक लाकूड त्या यादीतच आहे. लेखात याचा एका शब्दानं उल्लेख नाही.

मी अर्ज दिला. सातबाऱ्यावर झाडाची नोंद नाही म्हणून अर्ज परत आला. नोंद करायला गेलो तर म्हणाले, झाड पडलेलं आहे, उभ्या झाडाची नोंद होते. पुन्हा पहिल्या ऑफिसात. तिथं सांगितलं की पंचनामा होईपर्यंत झाडाला हात लावू नका. मी हात लावला नाही. एवढ्या एका गोष्टीचा मला आजही पश्चात्ताप होतो. ओंडका पडला की त्याच दिवशी दोन्ही तोंडांना शेण लिंपावं लागतं, नाहीतर तोंडाकडून पाणी भराभर सुकतं आणि लाकूड चिरतं. तो सावलीत, दगडांवर उचलून ठेवावा लागतो. हे सगळं मला येत होतं, गोठ्यात शेण होतं, आणि मी रोज सकाळी बांधावर जाऊन नुसता बघून येत होतो. ज्येष्ठ गेला, आषाढात तो निम्मा चिखलात रुतला, श्रावणात सालीखालून पिवळा भुस्सा गळायला लागला.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पंचनामा झाला, वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसला, वाहतुकीचा पास मिळाला. सॉ मिलवर पहिला काप घेतला तर गाभ्यात चांदणीसारख्या चिरा, पार चार फूट आतपर्यंत. चौदा फुटी ओंडक्यातून होडीला लावण्याजोग्या चार फळ्या निघाल्या. बाकीचं जळणाला गेलं. आईनं त्या जळणावर सहा महिने पाणी तापवलं. बंबात एकेक तुकडा जाताना मला बघवत नव्हतं.

गैरसमज नको. मी कायद्याच्या विरोधात नाही. तो नसता तर राधानगरी-शाहूवाडीकडचे डोंगर केव्हाच बोडके झाले असते. पण वाऱ्यानं पडलेल्या झाडाला आठ दिवसांत उत्तर मिळायला काय हरकत आहे? झाड पडलंय की पाडलंय, हे मुळं बघून शेंबडं पोरही सांगेल.

बाभळीचंही जाता जाता सांगतो, कारण लेखात 'फासळ्यांसाठी लाकूड वाकवून घ्यावं' असं म्हटलंय. आमच्याकडे वाकवत नाहीत, वाकडंच शोधतात. बांधावरच्या बाभळीचा फाटा जिथं खोडातून फुटतो, त्या वाकाचीच फासळी करायची, म्हणजे लाकडाची रेषा तुटत नाही. बाभूळ त्या यादीत नाही, त्यामुळे कागदाचा त्रास नाही. पण आता बाभळी राहिल्यात कुठं? वाकडं लाकूड म्हणजे बिनकामाचं म्हणून वीटभट्टीला जातं. मी भट्टीच्या दारातून, टेम्पो रिकामा व्हायच्या आत, पाच वाक उचलून आणले. पैसे जळणाच्या भावानं दिले.

आणखी एक, संपादक महोदय. लेखाशेजारी तुम्ही 2019 च्या महापुराचा फोटो छापलाय आणि खाली 'पारंपरिक होडीतून सुटका' असं लिहिलंय. ती होडी नाही. ती गुऱ्हाळावरची काहील आहे, गूळ आटवायची. कोल्हापूरच्या पेपरात ही चूक व्हायला नको होती. काहील गोल असते, तिला नाळ म्हणजे पुढचं निमुळतं टोक नाही, कणा नाही, धारेला लागली की जागच्या जागी गरगरते. माणसं तिच्यात बसली, कारण गावात नावच शिल्लक नव्हती. आमच्याकडे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आली की जनावरं हलवायला सुरुवात होते आणि 43 म्हणजे धोका. त्या चार फुटांत पूर्वी गावातल्या नावा कामाला यायच्या. आमची नाव 2021 च्या पुरात झाडावर आदळून फुटली. ती परत बांधायची म्हणूनच ही तीन वर्षांची पायपीट सुरू आहे.

तेव्हा आंब्याच्या फळीबद्दल आणि प्लायबद्दल पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. फोटोखालची ओळही.

जांभळाच्या चार फळ्या गोठ्याच्या माळ्यावर पट्ट्या घालून रचल्यात, वर खडूनं तारीख टाकली आहे. इंचभर जाडीला एक वर्ष या हिशेबानं त्या आता वाळल्या. बाभळीचे वाक दोन महिने डोहात बुडवून काढलेत. सागाच्या चार फळ्या चांगल्या आहेत, दोन कमी पडतात. पेठांमधले जुने वाडे उतरवले जात आहेत, त्यांच्या तुळया सागाच्या असतात आणि पाऊणशे-शंभर वर्षं वाळलेल्या. कोणा वाचकाकडे सोळा फुटी तुळई निघत असेल तर ती तोडून सात फुटी करू नका. आपल्या कार्यालयात निरोप ठेवा. खिळे मी स्वतः काढून घेईन आणि येईल तो भाव देईन.

आपला,
एक जुना वाचक
आंबेवाडी, ता. करवीर