उपशाचा कोळसाही हिशेबात धरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलवरून आपल्या अंकात वाचकांची पत्रं येत आहेत. गाडीचं ॲव्हरेज घटलं म्हणणारे एका बाजूला, उसाला दर मिळेल आणि परदेशी तेलाचा पैसा देशात राहील म्हणणारे दुसऱ्या बाजूला. खोटं कुणीच बोलत नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं खाली येणारच. आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, हेही खरंच. पण या वादात एक खर्च कुणी धरतच नाही. माझं कडेगाव तालुक्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे तो खर्च मला रोज दिसतो.

तो खर्च पाणी उपसण्याचा.

आमच्या भागात मोट होती तोवर विहिरीतून किती पाणी काढायचं हे बैल ठरवत. बैल दमले की पाणी थांबायचं. मग ऑइल इंजिन आलं, त्यानंतर विजेची मोटर आली. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी इथून जवळच, त्यामुळे पंपाचं या जिल्ह्याला कधी अप्रूप वाटलं नाही. इंजिन आलं आणि दमण्याची अडचण संपली. आज कृष्णेच्या दोन्ही काठांवर सहकारी उपसा संस्थांच्या पाइपलाइनी आहेत, त्यांच्या वर ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा सरकारी योजना आहेत आणि माळावर बोअर आहेत. हे सगळं विजेवर चालतं. राज्याच्या विजेत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. चंद्रपूरचं एकटं केंद्र २,९२० मेगावॅटचं. आमच्या उसाच्या सरीत पाणी येतं ते तिकडे कोळसा जळतो म्हणून.

नीती आयोगाने २०२१ साली इथेनॉलचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं असं नमूद आहे. आता एक युनिट वीज, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तर, साधारण ३,६७० लिटर पाणी १०० मीटर वर चढवते. म्हणजे कागदावर २,८६० लिटरला पाऊण युनिट पुरतं. प्रत्यक्षात पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण यांत एवढं जातं की सव्वा युनिटाच्या आत हे काम क्वचितच होतं. जळून दोन-तीनदा नव्याने वायंडिंग भरलेली मोटर असेल तर विचारूच नका. औष्णिक केंद्रात एका युनिटाला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. सव्वा युनिटाचा कोळसा पाऊण किलोच्या वर गेला, आणि त्याची उष्णता लिटरभर इथेनॉलमधल्या उष्णतेच्या निम्म्याहून जास्त भरते. हा नुसता शंभर मीटरचा उपसा झाला. खत, नांगरट, दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टर जाळतो ते डिझेल आणि डिस्टिलरीतली वाफ यांना मी हातही लावलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळं पाणी काही उपसावं लागत नाही, पावसाचंही असतं. बरोबर आहे. उपसाही सगळीकडे शंभर मीटरचा नसतो. वाळवा, पलूसच्या काठावर तो वीस-तीस मीटरचा असेल, तिथे हिशेब जमतो. मळीपासून, म्हणजे साखर काढून उरलेल्या पाकापासून, केलेल्या इथेनॉलवर सगळ्या पाण्याचा बोजा टाकणंही योग्य नाही, कारण ऊस मुळात साखरेसाठी लावलेला असतो. पण कराडच्या खाली टेंभूला उचललेलं पाणी खानापूर-आटपाडीच्या माळावर जातं तेव्हा उपसा शंभर मीटरवर थांबत नाही. तिथे त्या पाण्यावर ऊस लावायचा आणि त्याच्या इथेनॉलला खनिज तेलाचा पर्याय म्हणायचं, हे मला पटत नाही. बाहेरून येणारं तेल वाचेल, पण तेवढा कोळसा चंद्रपुरात जास्त जळेल. परकीय चलनाच्या दृष्टीने तो फायदा आहे, नाही म्हणत नाही. मग तसं सांगा, त्याला हरित इंधन म्हणू नका.

माझ्यावर राग धरू नका. टेंभूचं पाणी आलं म्हणून आटपाडीच्या माणसाला गाव सोडावं लागत नाही, त्या पाण्याची किंमत पैशात करता येणार नाही. प्रश्न आहे तो त्या पाण्यावर कोणतं पीक घ्यायचं हा. द्राक्ष आणि डाळिंब ठिबकवर येतं. तासगाव-कवठेमहांकाळकडचा बेदाणा तर शेडमध्ये कोरड्या वाऱ्यावर वाळतो, त्याला ना कोळसा लागतो ना गॅस. एवढा मोठा सौरऊर्जेचा धंदा आपल्याकडे आहे आणि त्याला तसं म्हणायचं कुणाला सुचत नाही.

सरकारी उपसा योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकरी. पूर्वी थकबाकीपायी योजनाच बंद पडायच्या, पिकं उभी वाळायची, तेव्हा ही सोय झाली ते चांगलंच झालं. पण त्यामुळे उपसा किती महाग आहे हे शेतात कळेनासं झालं. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून बिलच नाही. घाटाखालच्या मळ्यांत याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. सरी तुडुंब भरली तरी पाणी चालूच. कृष्णाकाठची कितीतरी चांगली काळी जमीन अशाने क्षारपड झाली. कोळसा जाळून पाणी वर आणलं आणि त्याच पाण्याने जमीन नासवली. ठिबक केलं तर उसाचं पाणी निम्म्याच्या आसपास येतं, हे आता सांगायचीसुद्धा गरज नाही. करत नाहीत, कारण न करण्याला काही खर्च पडत नाही.

थोडं माझ्या दुकानाबद्दल. शेतीला थ्री फेज वीज आठ तास, त्यातही आठवड्यातले काही दिवस ती रात्रीच. रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचं तर शिराळा-कराडकडे उसात बिबट्या. म्हणून ज्याने त्याने ऑटो स्विच बसवला. वीज आली की अख्ख्या शिवारातल्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, डीपीवर (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो, व्होल्टेज पडतं आणि वायंडिंग जळतं. मग कमी व्होल्टेजला ओढावी म्हणून तीनच्या जागी पाच एचपीची मोटर येते. कपॅसिटर लावायला सांगितला तर कुणी ऐकत नाही. धंदा म्हणून मला हे परवडतं, पण यात वाया जाणारी वीज कुठल्याच कागदावर दिसत नाही.

म्हणून पर्याय शोधायचा तर उपशापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. कौतुकाचीच गोष्ट आहे. पण पाच एचपीची मोटर आठ तास चालली की तीसच्या वर युनिटं जातात, साध्या घराला तेवढी आठ-दहा दिवस पुरतात. छपरावरच्या पॅनलने आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांचा कोळसा फारसा सुटणार नाही. शेतीचे फीडरच, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिन्याच, सौर करून दिवसा वीज द्यायला हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, आणि म्हैसाळसाठीही सौरप्रकल्प मंजूर झालेला आहे. ताकारी-टेंभूच्या टप्प्यांनाही तसंच करता येईल. पाणी दिवसा उचलून तलावात, बंधाऱ्यात टाकलं तर बॅटरीचीही गरज नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहज जुळून आली आहे, तिचा कुणी एकत्र विचार केलेला मी पाहिला नाही. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर आणि ढालगावच्या डोंगरांवर पवनचक्क्या सगळ्यात जोरात फिरतात त्या आषाढ-श्रावणात, म्हणजे ऊन नसतं तेव्हा. गळीत हंगामात कारखाने बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) वीज करतात, स्वतःची भागवून उरलेली विकतात. उन्हाळ्यात सौर पॅनल भरपूर वीज देतात, आणि उपशाची गरजही तेव्हाच सगळ्यात जास्त. संध्याकाळी सहानंतर लागणाऱ्या विजेला कोयना आहे. सुमारे १,९६० मेगावॅटची ही केंद्रं काही मिनिटांत सुरू होतात, कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. पठारावरची जुनी लहान यंत्रं काढून त्याच जागी मोठी बसवली तर नवी जागाही फार लागणार नाही. मात्र फुलांच्या कास पठाराच्या बाजूला कुणी नजर टाकू नये.

कोयनेवरून आमच्याकडे एक जुनं भांडण आहे. धरणात १०५ टीएमसी पाणी, त्यातलं ६७.५ टीएमसी कृष्णा पाणीतंटा लवादाच्या मर्यादेत पश्चिमेला सोडता येतं. ते पोफळीला वीज करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, आणि आम्ही पूर्वेला वीज जाळून पाणी चढवतो. हे पाणी पूर्वेला द्या, अशी मागणी दर दुष्काळात होते. मी त्या बाजूचा असूनही म्हणतो, सौर वीज वाढेल तशी संध्याकाळच्या विजेला किंमत येणार आहे आणि ती कोयनेइतकी स्वस्त दुसरीकडे मिळणार नाही. पूर्वेला पाणी मागण्याआधी पूर्वेचा ऊस ठिबकवर आणा.

सौर कृषिपंपांबद्दल एक तक्रार आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. पाच वर्षांची दुरुस्तीची हमीही आहे. पण ऐन उन्हाळ्यात कंट्रोलर बंद पडला की कंपनीचा माणूस येईपर्यंत पीक थांबत नाही. गावातल्या मेकॅनिकने हात लावला तर हमी जाते, आणि त्याला सुटे भागही मिळत नाहीत. एसी पंप असेल तर मोटर आम्ही भरून देऊ शकतो, डीसीच्या पुष्कळ मोटरींना आम्ही हात घालू शकत नाही. मोटेची दुरुस्ती गावातला सुतार-चांभार करायचा, इंजिनाची आणि मोटरीची आमच्यासारखे करत आले. दुरुस्ती तालुक्याच्या बाहेर गेली की शेतकरी कोपऱ्यात ठेवलेलं डिझेल इंजिन पुन्हा बाहेर काढतो. तालुक्याच्या आयटीआयमध्ये कंट्रोलर दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि योजनेत पंप पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीला सर्किटची माहिती व सुटे भाग स्थानिक दुकानांना देणं बंधनकारक करावं. हे काम राज्य सरकारला एका आदेशात करता येईल.

बोअरवर सौरपंप देताना मात्र हात आखडावा. जत-आटपाडीत आधीच बोअर किती फुटांवर गेलेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि उन्हाला बिल नसतं.

आता इथेनॉल. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, पुढच्या ऑगस्टमध्ये ती उठली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचे मधले महिने कसे गेले ते सभासदांना विचारा. पाऊस एक वर्ष हुकला की डळमळतो त्या इंधनावर किती विसंबायचं? मळीचं इथेनॉल करा, बगॅसची वीज करा, प्रेसमडपासून (रस गाळून उरलेल्या मळापासून) गॅस करा. हे टाकाऊतून येतं, त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. माळावर पाणी चढवून इंधनासाठी ऊस वाढवणं थांबवा.

कारखान्यांच्या वार्षिक सभा आता जवळ येतील. मीही एका कारखान्याचा सभासद आहे, आणि कार्यक्षेत्रातल्या उसाला टनामागे उपशाची किती युनिटं लागतात, हा प्रश्न लेखी देणार आहे. आपल्याला एक विनंती. एखाद्या कारखान्याने किती लाख लिटर इथेनॉल केलं हे आपण ठळक छापता. त्याच बातमीत त्या उसाच्या पाण्याला किती वीज लागली तेही आपल्या वार्ताहरांनी विचारावं. आकडा मिळाला नाही, तर मिळाला नाही असं छापावं.

आपला,
एक मोटर रिवायंडर व ऊस उत्पादक सभासद
ता. कडेगाव, जि. सांगली